अंतर्दर्शन, ऊर्ध्व पचनमार्गाचे : दृश्यता व रुग्णसुरक्षा

तोंडावाटे नळीसारखे उपकरण आत घालून ग्रसिका (अन्ननलिका), जठर आणि ग्रहणी (लघ्वांत्राचा सुरुवातीचा भाग) यांच्या अस्तराची प्रत्यक्ष पाहणी करण्याच्या पद्धतीस ऊर्ध्व पचनमार्गाचे अंतर्दर्शन असे म्हणतात. पचनज व्रण, रक्तस्राव, ग्रसिकेतील फुगलेल्या नीला व कर्करोग यांच्या निदानाचे ते आज सर्वांत विश्वसनीय साधन असून त्याच उपकरणातून जीवोतक परीक्षेसाठी (जिवंत ऊतकाच्या तुकड्याच्या तपासणीसाठी) नमुना घेणे, रक्तस्राव थांबविणे, गिळलेली वस्तू काढणे इ. उपचारही करता येतात. या पद्धतीचा इतिहास सामान्यतः उपकरणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो दोन गरजांमधील ओढाताणीचा इतिहास आहे : आतील भाग स्वच्छ दिसला पाहिजे आणि तो पाहताना रुग्णाला इजा होता कामा नये. प्रकाश वाढविला तर उष्णता वाढते, हवा अधिक भरली तर जठर ताणले जाते, पाण्याने धुतले तर ते पाणी श्वासमार्गात जाण्याची भीती असते आणि रुग्ण निश्चल राहावा म्हणून गुंगीचे औषध दिले तर त्याचा श्वास मंदावतो. दृश्यता वाढविण्याच्या जवळजवळ प्रत्येक उपायाची किंमत सुरक्षेच्या खात्यावर पडत आली आहे.

शरीराच्या पोकळीत कृत्रिम प्रकाश पोहोचविण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न फ्रँकफुर्ट येथील वैद्य फिलिप बोत्सिनी (१७७३–१८०९) यांनी केला. मेणबत्ती व आरसा बसविलेले त्यांचे ‘प्रकाशवाहक’ उपकरण १८०६ मध्ये व्हिएन्नात तपासले गेले. परंतु तेथील वैद्यकीय विद्याशाखेने ते अमान्य केले. फ्रेंच शस्त्रक्रियातज्ञ आंतोनँ झां देझोर्मो यांनी १८५३ मध्ये अल्कोहॉल व टर्पेंटाइन यांच्या मिश्रणावर जळणारा दिवा जोडलेले उपकरण पॅरिसमध्ये सादर केले. ते मुख्यतः मूत्रमार्ग व मूत्राशय यांच्यासाठी होते. जठर मात्र अजून दूरच होते; कारण तोंडापासून जठरापर्यंतचा मार्ग लांब असून घशाशी तो जवळजवळ काटकोनात वळतो.

हा अडथळा ओलांडता येतो, हे एका तलवार गिळणाऱ्या खेळगड्यामुळे कळले. मान पूर्ण मागे टाकली म्हणजे तोंड, घसा व ग्रसिका एका सरळ रेषेत येतात, हे त्याच्या खेळात उघड होत असे. जर्मनीतील फ्रायबुर्ख येथील वैद्य आडॉल्फ कुसमाउल (१८२२–१९०२) यांनी १८६८ मध्ये अशा खेळगड्याच्या घशातून सु. ४७ सेंमी. लांब व १३ मिमी. व्यासाची सरळ, ताठ नळी जठरात उतरविली आणि देझोर्मो यांच्या दिव्याचा प्रकाश आरशाने आत सोडला. नळी गेली, परंतु फारसे काही दिसले नाही. एवढ्या अंतरावर दिव्याचा उजेड अपुरा पडला आणि जठरातील द्रव व श्लेष्मा (बुळबुळीत स्राव) यांनी दृष्टी अडविली. विशेष म्हणजे कुसमाउल यांनी याच सुमारास जठराचा पंप रोगोपचारात रूढ केला होता. जठर रिकामे करण्याचे तत्कालीन उत्तम साधन हाताशी असतानाही ते पाहण्याजोगे स्वच्छ करता आले नाही, ही गोष्ट पुढील शंभर वर्षांच्या अडचणींची सूचक होती. त्यांनी हा नाद सोडून दिला. ज्याला नळी गिळण्याचा सराव नाही अशा सामान्य रुग्णावर हा प्रयोग किती धोक्याचा ठरला असता, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

माक्स नित्से (१८४८–१९०६) यांनी मूत्राशयदर्शकात प्रकाशाचा उगम उपकरणाच्या आतील टोकाशी नेला. विजेने तापून प्रकाशणारी प्लॅटिनमची तार व तिला थंड ठेवण्यासाठी सभोवार खेळविलेले पाणी, अशी ती योजना होती. तिच्याच आधारे योहान फोन मिकुलिच (१८५०–१९०५) यांनी १८८१ मध्ये व्हिएन्नातील उपकरणकार योझेफ लायटर यांच्या साहाय्याने जठरदर्शक तयार केला. त्याची नळी खालच्या तिसऱ्या भागात थोडी वाकविलेली होती आणि जठर फुगविण्यासाठी हवा सोडण्याची सोय होती. मिकुलिच तपासणीपूर्वी जठर धुऊन घेत, रुग्णास मॉर्फिन देत आणि कुशीवर निजवीत. रिकामे जठर, शामक औषध, कुशीवरची स्थिती व वायुभरण हे आजच्या पूर्वतयारीचे चारही घटक त्यांच्या पद्धतीत दिसतात. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनाचा स्थानिक संवेदनाहारक गुण दाखविल्यावर घसा बधिर करणे शक्य झाले आणि छोटे विजेचे दिवे आल्यावर पाणी खेळविण्याची कटकटही संपली. तरीही नळी ताठच होती. ग्रसिकेच्या वरच्या तोंडाशी किंवा जठराच्या भित्तीला तिचे टोक रुतले, तर छिद्र पडत असे. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात असे छिद्र बहुधा प्राणघातक ठरे, त्यामुळे अनेक नामवंत शस्त्रक्रियातज्ञांनी ही तपासणी त्याज्य मानली होती.

तिला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय मुख्यतः रूडॉल्फ शिंडलर (१८८८–१९६८) यांना दिले पाहिजे. म्यूनिक येथे १९२२ च्या सुमारास त्यांनी वापरलेल्या ताठ जठरदर्शकात भिंगावर हवेचा झोत सोडून त्यावरील श्लेष्मा उडविण्याची सोय होती. ही सुधारणा वरवर क्षुल्लक वाटते. परंतु भिंग पुसण्यासाठी संपूर्ण उपकरण बाहेर काढून पुन्हा घालावे लागणे, हेच इजेचे एक मोठे कारण होते. १९२३ मध्ये त्यांनी जठरदर्शनावरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे बर्लिनचे उपकरणकार गेओर्ग व्होल्फ यांच्या सहकार्याने त्यांनी १९३२ मध्ये अर्धलवचिक जठरदर्शक सिद्ध केला. त्याचा खालचा भाग सर्पिल धातूचा व रबराने मढविलेला असून आत कमी केंद्रांतराच्या अनेक भिंगांची माळ होती, नळी सु. ३० अंशांपर्यंत वाकली तरी प्रतिमा टिकून राहत असे. जठराच्या भित्तीवर टेकले असता हे उपकरण रुतण्याऐवजी वाकत असे. त्याची सुरक्षितता या एकाच गुणात होती.

शिंडलर उपकरणापेक्षा शिस्तीवर अधिक भर देत. जोर लावून नळी कधीही पुढे ढकलू नये, पूर्वी क्ष-किरण तपासणी करून ग्रसिकेत अडथळा नाही याची खात्री करावी, रुग्णाशी आधी बोलून त्याची भीती घालवावी, हे नियम त्यांनी घालून दिले. त्यांच्या पत्नी गाब्रिएले या तपासणीच्या वेळी रुग्णाचे मस्तक धरून त्याला धीर देत. मान योग्य कोनात ठेवणे व रुग्णाच्या चेहऱ्याकडे सतत लक्ष असणे या दोन्ही गोष्टी या एका मदतनिसामुळे साध्य होत. अंतर्दर्शनात परिचारिकेचे स्वतंत्र स्थान येथूनच सुरू होते, असे म्हणण्यास हरकत नाही. नाझी राजवटीत शिंडलर यांना तुरुंगवास भोगावा लागला आणि १९३४ मध्ये ते अमेरिकेत शिकागो येथे गेले. तेथून १९४० मध्ये त्यांनी इतर जठरदर्शनकारांकडून माहिती मागवून अपघातांचे संकलन प्रसिद्ध केले. बावीस हजारांहून अधिक तपासण्यांत एकच मृत्यू झाल्याचे त्यातून दिसून आले. स्वतःच्या पद्धतीचे अपघात मोजून जाहीर करण्याची ही प्रथा त्या काळी सर्वसामान्य नव्हती.

जपानमध्ये जठराच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असल्याने तेथे प्रश्नाला वेगळी कलाटणी मिळाली. टोकिओ विद्यापीठातील शस्त्रक्रियातज्ञ तात्सुरो उजी यांनी ऑलिंपस कंपनीतील मुत्सुओ सुगिउरा व मासाहारु फुकाउमी यांच्याबरोबर १९५० मध्ये जठर-कॅमेरा तयार केला. नळीच्या टोकाशी इवलासा कॅमेरा, अरुंद फिल्म व क्षणदीप्तीचा दिवा असे. छायाचित्र घेताना वैद्याला आतले काहीच दिसत नसे. पोटाच्या भित्तीतून जाणवणाऱ्या उजेडावरून जागा ताडावी लागे. तथापि ठराविक क्रमाने संपूर्ण जठराची छायाचित्रे घेण्याची जी सवय जपानी वैद्यांना लागली, ती तंत्र कालबाह्य झाल्यावरही टिकली. १९६२ मध्ये तेथील अंतर्दर्शन संस्थेने आरंभीच्या जठर-कर्करोगाची व्याख्या केली : लसीका ग्रंथींत प्रसार असो वा नसो, जो कर्करोग श्लेष्मकला (आतील अस्तर) व तिच्या लगतचा अधःस्तर यांपलीकडे गेलेला नाही तो. असा रोग काढून टाकल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. परंतु त्याची खूण म्हणजे पुष्कळदा काही मिलिमीटरांचा फिकट वा लालसर डाग एवढीच असते आणि तो श्लेष्म्याच्या पातळ थराखाली सहज झाकला जातो. येथून पुढे ‘दिसले’ या शब्दाचा अर्थ बदलला. व्रणाचा खड्डा ओळखता येणे आता पुरेसे नव्हते.

पूर्णपणे लवचिक उपकरण प्रकाशीय तंतूंमुळे शक्य झाले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील हॅरल्ड हॉपकिन्झ (१९१८–९४) व पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कापानी (१९२६–२०२०) यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, हे १९५४ च्या आरंभी नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ते वाचून मूळचे दक्षिण आफ्रिकेचे व त्या वेळी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात काम करणारे बेझिल हिर्शोविट्स (१९२५–२०१३) यांनी लंडनला जाऊन त्यांची भेट घेतली. परस्परांना चिकटलेल्या तंतूंतून प्रकाश एकमेकांत झिरपतो व प्रतिमा पुसट होते, ही मुख्य अडचण होती. मिशिगनमधील लॉरेन्स कर्टिस या विद्यार्थ्याने १९५६ च्या अखेरीस अधिक प्रणमनांकाची काचकांडी कमी प्रणमनांकाच्या काचनळीत घालून दोन्ही एकत्र ओढली आणि आवरणयुक्त तंतू मिळविला. फेब्रुवारी १९५७ मध्ये हिर्शोविट्स यांनी नवा तंतुदर्शक प्रथम स्वतः गिळला व त्यानंतर थोड्याच दिवसांत तो ग्रहणीचा व्रण असलेल्या रुग्णावर वापरला. आरंभीच्या तंतुदर्शकांत दिवा टोकाशीच होता. पुढे तंतूंच्या दुसऱ्या जुडग्यातून बाहेरील तीव्र दिव्याचा प्रकाश आत नेण्यात येऊ लागला. त्यामुळे उष्णता शरीराबाहेरच राहिली. हा ‘थंड प्रकाश’, टोक चारही दिशांना वळविण्याची सोय आणि हवा, पाणी व चूषण यांच्या नलिका या गोष्टी १९७० च्या सुमारास एकाच उपकरणात आल्या. ग्रसिकेपासून ग्रहणीपर्यंतचा भाग एकाच वेळी पाहणे आता नित्याचे झाले.

हिर्शोविट्स यांचे आणखी एक काम तंतुदर्शकाच्या कीर्तीमुळे झाकले गेले आहे. १९५४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जठरदर्शनापूर्वी सिलिकोन देऊन जठरातील फेस मोडण्याची पद्धत वर्णन केली. गिळलेली हवा, लाळ, पित्त व श्लेष्मा घुसळून झालेले बुडबुडे प्रकाश परावर्तित करतात आणि त्यांखालचे अस्तर दिसू देत नाहीत. सिमेथिकोन (डायमिथिल पॉलिसिलोक्झेन व सिलिकेचे सूक्ष्म कण यांचे मिश्रण) पृष्ठताण कमी करून बुडबुड्याची कड दुबळी करते; लहान बुडबुडे एकमेकांत मिसळून फुटतात. ते आतड्यातून शोषले जात नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र ते फेस मोडते, चिकट श्लेष्मा नव्हे. त्यासाठी जपानमध्ये स्ट्रेप्टोमायसीज ग्रिसियस या सूक्ष्मजीवापासून मिळणारे प्रोनेज हे प्रथिनविघटक एंझाइम वापरात आले. अम्लात ते निष्क्रिय होत असल्याने त्याच्याबरोबर खाण्याचा सोडा देतात. तपासणीपूर्वी सु. दहा मिनिटे हे मिश्रण थोड्या पाण्यातून प्यावयास देण्याची तेथे रीत असून त्याने दृश्यता सुधारते, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक तुलनात्मक चाचणीत दिसून आले. प्रोनेज जेथे मिळत नाही तेथे ॲसिटिलसिस्टीन हे कफ पातळ करणारे औषध सिमेथिकोनाबरोबर देतात. रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला प्रोनेज देत नाहीत.

शामक औषधे व श्वसन : उपकरण मऊ झाल्यावर छिद्र पडण्याचे प्रमाण घटले, परंतु धोका नाहीसा झाला नाही, त्याने जागा बदलली. अंतर्दर्शन सोपे झाल्यामुळे वृद्ध, हृदयविकारी व दमेकरी रुग्णांवरही ते होऊ लागले आणि त्यांना १९६० नंतर डायाझेपाम व पुढे मिडाझोलाम यांसारखी औषधे शिरेतून दिली जाऊ लागली. मिडाझोलामाने तपासणीची आठवणच राहत नसल्याने ते रुग्णांना व वैद्यांनाही आवडले. पण ते डायाझेपामापेक्षा बरेच प्रबळ आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जुन्या औषधाच्या सवयीने मात्रा दिल्या गेल्यामुळे अमेरिकेत श्वास थांबून मृत्यू घडले व मात्रांविषयीच्या सूचना बदलाव्या लागल्या. अंधाऱ्या खोलीत, डोळा उपकरणाच्या भिंगाला लावलेल्या वैद्याला रुग्णाचे ओठ निळे पडल्याचे दिसणे कठीणच होते. जो आत पाहतो त्याने बाहेरही पाहावे, ही अपेक्षा मुळात अवाजवी होती.

यावरील उपाय दुसऱ्या क्षेत्रातून आला. जपानी अभियंते ताकुओ आओयागी (१९३६–२०२०) यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर आधारित नाडी-ऑक्सिजनमापक १९८० च्या दशकात सर्वत्र उपलब्ध झाला. बोटाला लावलेल्या चिमट्यातून तांबड्या व अवरक्त प्रकाशाचे शोषण मोजून रक्तातील ऑक्सिजनाची पातळी तो सतत दाखवितो. १९९१ मध्ये ब्रिटनमधील जठरांत्रविज्ञान संस्थेने शामक औषधे व रुग्णनिरीक्षण यांविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. प्रत्यक्ष व्यवहार मात्र मागेच होता, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या दोन विभागांतील पाहणीने उघड केले. १४,१४९ तपासण्यांच्या या पाहणीत सु. दोन हजारांमागे एक मृत्यू व दोनशेमागे एक गंभीर उपद्रव आढळला. छिद्रांपेक्षा हृदय व श्वसन यांचे उपद्रव अधिक होते. अपुरे निरीक्षण व शामकाची मोठी मात्रा यांच्याशी त्यांचा संबंध दिसला. घसा बधिर करणारा फवारा आणि नंतर होणारा फुप्फुसशोथ (न्यूमोनिया) यांचाही संबंध आढळला. गुंगीत असलेल्या रुग्णाचा घसा बधिर केला, तर श्वासमार्गाचे रक्षण करणारा ठसकाच नाहीसा होतो, हे त्याचे उघड कारण होय. त्यानंतर वृद्धांसाठी कमी मात्रा, नाकावाटे ऑक्सिजन, उतारा म्हणून फ्लुमाझेनिल हाताशी ठेवणे आणि केवळ रुग्णाकडे लक्ष देणारी स्वतंत्र व्यक्ती, या गोष्टी आवश्यक मानल्या जाऊ लागल्या. १९९४ मध्ये वर्णन झालेली नाकावाटे घालण्याच्या अतिशय बारीक अंतर्दर्शकाची पद्धत हा दुसरा मार्ग. तीत शामकाची गरज सहसा पडत नाही. परंतु नलिका अरुंद असल्याने चूषण मंद होते व आरंभीच्या अशा उपकरणांतील प्रतिमा नेहमीच्या अंतर्दर्शकाइतकी स्पष्ट नसे.

रक्तस्रावाच्या वेळचे अंतर्दर्शन : दृश्यता व सुरक्षा यांची खरी कसोटी रक्ताची उलटी होत असलेल्या रुग्णात लागते. जठर रक्ताच्या गाठींनी भरलेले असते, रक्त काळपट असल्याने प्रकाश शोषून घेते आणि रक्तस्रावाची जागा नेमकी गाठींखाली दडते. नळीने जठर धुण्याची जुनी पद्धत त्रासदायक असून उलटी श्वासमार्गात जाण्याचा धोका तीत आहेच. एरिथ्रोमायसीन या प्रतिजैविकाचा पोटात कळ आणण्याचा दुष्परिणाम पूर्वीपासून माहीत होता. ते जठराचे आकुंचन वाढविणाऱ्या मोटिलीन या हॉर्मोनासारखे कार्य करते, हे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, अंतर्दर्शनापूर्वी ते शिरेतून दिल्यास जठर रिकामे होऊन दृष्टी स्वच्छ मिळते व पुन्हा तपासणी करण्याची वेळ कमी येते, असे आढळले. साधारणतः २५० मिग्रॅ. मात्रा अर्धा ते दोन तास आधी देतात. हृदयाच्या विद्युत् आलेखात विशिष्ट दोष (क्यूटी अंतर वाढलेले) असल्यास ते वर्ज्य असते. शुद्ध हरपत असलेल्या किंवा सतत रक्त ओकणाऱ्या रुग्णाच्या श्वासनालात आधी नळी घालून श्वासमार्ग सुरक्षित करतात व मगच अंतर्दर्शन करतात.

१९८३ मध्ये अमेरिकेतील वेल्च ॲलिन कंपनीने टोकाशी प्रतिमाग्राही इलेक्ट्रॉनीय चकती बसविलेला अंतर्दर्शक आणला आणि प्रतिमा पडद्यावर गेली. खोलीतील सर्वांना एकच दृश्य दिसू लागले आणि वैद्याचा डोळा भिंगापासून मोकळा झाला. या बदलाने शिक्षणाइतकाच सुरक्षेलाही लाभ झाला. पुढे रक्तातील हीमोग्लोबिन जे प्रकाशतरंग विशेषत्वाने शोषते अशा सु. ४१५ व ५४० नॅनोमीटर तरंगलांबींचा उपयोग करून अस्तरातील सूक्ष्म रक्तवाहिन्या उठावदार दाखविणारी पद्धती जपानमध्ये विकसित झाली. तीही श्लेष्म्याखालचे दाखवू शकत नाही. २०१४ मधील एका संकलनानुसार ऊर्ध्व पचनमार्गाचा कर्करोग झालेल्यांपैकी सु. ११ टक्के रुग्णांत निदानापूर्वीच्या तीन वर्षांत झालेल्या अंतर्दर्शनात तो हुकलेला होता. असा रुग्ण ‘काही नाही’ असा अहवाल घेऊन निश्चिंतपणे घरी जातो, म्हणून अपुरी दृश्यता हाच एक सुरक्षादोष मानावा लागतो. सात मिनिटांहून अधिक वेळ घेणाऱ्या तज्ञांना जठरातील संशयास्पद विकृती अधिक सापडतात, असे सिंगापूर येथील २०१५ मधील अभ्यासात दिसले. ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकांत पुरेसे वायुभरण, चूषण व अस्तराची स्वच्छता करून ते कितपत दिसले याची नोंद अहवालात करावी, असे सांगितले आहे.

उपकरण एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जात असल्याने त्याचे निर्जंतुकीकरण हाही सुरक्षेचाच भाग आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरव्रणाशी निगडित जंतूचे अंतर्दर्शकातून संक्रमण झाल्याचे १९९० मध्ये हॉलंडमधून नोंदले गेले. संपूर्ण बुडविता येणारी उपकरणे, नलिका ब्रशाने घासणे व ग्लुटाराल्डिहाइडासारखी द्रावणे यांमुळे हा धोका पुष्कळ कमी झाला. मात्र २०१६ मध्ये अमेरिकेत नलिकांच्या आत सूक्ष्म कॅमेरा घालून पाहणी केली असता, विहित पद्धतीने धुतलेल्या अंतर्दर्शकांतही सिमेथिकोनाचे थेंब टिकून असल्याचे आढळले. ते पाण्यात विरघळत नाही आणि ओलावा धरून ठेवून जंतूंना आश्रय देऊ शकते. बाजारातील द्रवरूप औषधात साखर व दाटपणा आणणारी द्रव्येही असतात. त्यामुळे उपकरणाच्या पाण्याच्या बाटलीत सिमेथिकोन मिसळण्याची सोयीची प्रथा अनेक ठिकाणी सोडून देण्यात आली. ते शक्यतो रुग्णाला आधी पाण्यातून पाजतात आणि आतूनच सोडावे लागले, तर कमीत कमी संहतीचे द्रावण पिचकारीने जीवोतक नमुना घेण्याच्या नलिकेतून सोडतात. कारण त्या नलिकेत ब्रश घालता येतो, हवा-पाण्याच्या बारीक नलिकेत तो सहसा जात नाही.